शेवटचा तोडा आणि पुढच्या वर्षीचं बी: परसबागेत पहिल्यांदाच बी धरणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी संपत आला की परसबागेचं रूपच पालटतं. टोमॅटोची खालची पानं करपतात, मेथी फुलावर येते, मुळा आतून पोकळ होतो, पालकाच्या मधून उंच दांडा निघतो, आणि मग बहुतेक जण सगळं उपटतात आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकून मोकळे होतात. काही जण उलटं करतात, चांगलं चांगलं सगळं खाऊन झालं की जे वाकडंतिकडं किडकं उरलंय ते "राहू दे बियाला" म्हणून सोडतात. हे दुसरं जास्त नुकसानीचं, कारण त्या किडक्या वांग्याचंच पुढच्या वर्षी अख्खं आळं भरून पीक येणार. बी उरलेल्यातून धरायचं नसतं, सगळ्यात चांगल्यातून धरायचं असतं आणि ते कुठलं हे झाड भरात असतानाच ठरवायचं असतं, एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळी नुसती हातकामं आहेत.

मी पुण्याकडच्या हवेच्या हिशोबाने लिहितेय, म्हणजे फेब्रुवारी-मार्च कोरडा, दुपारचं ऊन कडक. विदर्भात मराठवाड्यात ऊन आधीच तापतं तर तिकडे सगळं पंधरा दिवस अलीकडे धरा. कोकणात आणि गोव्यात हवा दमट, तिथे वाळवण्याच्या आणि साठवण्याच्या पायरीला जरा जास्त लक्ष द्या. पावसाळी वेलांचं (दोडका, काकडी, भोपळा) हेच काम दसऱ्यानंतर येतं, पद्धत तीच.

काय काय लागतं

विकत आणायचं फार काही नाही, बहुतेक घरातच सापडेल:

- लाल लोकर किंवा जाड दोरा (खूण करायला, सुतळी नको, ती पाचोळ्यात दिसत नाही)
- मलमलच्या नाहीतर ऑर्गन्झाच्या छोट्या पिशव्या, दागिन्यांच्या दुकानात मिळतात तसल्या
- काचेचे २-३ ग्लास, पीठ चाळायची नाही तर चहाची मोठी गाळणी, स्टीलची ताटं
- सूप (पाखडता येत नसेल तर टेबलफॅन आणि परात)
- कागदी पाकिटं, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, पर्मनंट मार्कर
- चुलीची किंवा गोवऱ्यांची चाळलेली राख, नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या
- मिरची आणि भेंडीसाठी हातमोजे, हे विसरू नका

१. बी धरण्यासारखं वाण आहे का ते आधी बघा

पाकीट ठेवलं असेल तर वाचा. त्यावर 'संकरित', 'हायब्रीड' किंवा 'एफ-१' लिहिलं असेल तर त्याचं बी धरण्यात अर्थ नाही. उगवत नाही असं नाही हं, मस्त उगवतं, म्हणूनच लोक फसतात. पण हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर, पुढच्या पिढीत ते गुण विस्कटतात, एक झाड उंच, एक बुटकं, एकाला गोल फळ, एकाला लांब आणि एकाला फळच नाही. 'सुधारित' किंवा 'सरळ वाण' लिहिलं असेल तर बिनधास्त धरा. परभणी क्रांती भेंडी, मांजरी गोटा वांगं, पुसा ज्वाला मिरची, पुसा रूबी टोमॅटो, हिमांगी काकडी ही सगळी सरळ वाणं आहेत. गावाकडून कुणी पुरचुंडीत बांधून दिलेलं गावरान बी तर सगळ्यात उत्तम. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांची देशी वाणांची बीजबँक अशाच घराघरातून राखलेल्या बियांतून उभी राहिलीय.

मंडईतून आणलेल्या टोमॅटोचं बी काढू का असं हमखास विचारतात. काढा, पण तो बहुतेक वेळा हायब्रीडच असतो, त्यामुळे काय निघेल त्याचा भरवसा नाही.

आणि कुणीतरी सांगतं की बी राखणं बेकायदा आहे वगैरे, तसं काही नाही. पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मध्ये शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

२. खूण आत्ताच करा

ही पायरी खरं तर जानेवारीतली, पण आज वाचताय तर आज करा. बागेतून एक चक्कर मारा आणि झाड बघा, फळ नाही. एखाद्या मरतुकड्या झाडाला एकच टपोरं वांगं लागतं आणि आपण त्यावर भाळतो. ज्या झाडाला सगळीच वांगी चांगली लागलीत, कीड कमी आहे, पान निरोगी आहे, ते झाड आपलं. त्याच्या बुडाशी लाल दोरा बांधा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण फळ नेमकं जून व्हायला आलं की कुणीतरी भरल्या वांग्यासाठी खुडून नेतंच. आमच्याकडे सासूबाईंचा दिवसातून एकदा तरी आवाज येतो, "अगं त्या दोडक्याला हात नको लावूस, तो बियाला ठेवलाय."

निवडताना या गोष्टी सांभाळा:

पालेभाज्यांमध्ये सगळ्यात आधी फुलावर आलेलं झाड बियाला ठेवू नका. नवीन माणूस हेच करतो, कारण तेच आधी तयार होतं आणि हाताशी असतं. पण मेथी, कोथिंबीर, पालक लवकर फुलावर येणं हा दोष आहे, तेच बी धरत गेलात तर दर वर्षी पाला कमी आणि फुलं जास्त. शेवटपर्यंत पाला देत राहिलेली झाडं ठेवा.

कांद्याचं तेच. लागवडीच्या पहिल्याच हंगामात काही कांद्यांना डेंगळे येतात, फुलाचा पांढरा गोंडा बघून मोह होतो की आयतं बी मिळालं. ते घेऊ नका, त्यातून पुढे डेंगळ्यांचंच पीक येतं. कांद्याचं बी दोन हंगामांचं काम आहे, चांगले एकसारखे कांदे निवडून राखायचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत जमिनीत लावायचे, मग उन्हाळ्याच्या तोंडाला बी मिळतं. पहिल्या वर्षी सोडून द्या हे.

पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्याची झालेली, आकसलेली, म्हणजे मोझॅकसारखा रोग असलेली टोमॅटो, घेवडा, चवळीची झाडं कितीही फळली तरी नको. यातले काही विषाणू बियातून पुढे जातात.

कोबीचं बी आपल्या मैदानी हवेत धरता येत नाही, त्याला फुलायला कडक लांबलचक थंडी लागते. गड्डा खा आणि विषय संपवा.

किती झाडं ठेवायची? टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची दोन-तीन झाडं पुरतात. मुळा, पालक, धने यांची मात्र जमेल तितकी जास्त, दहा-वीस तरी, कारण ती एकमेकांच्या परागावर अवलंबून असतात आणि एक-दोन झाडांच्या बियांनी पुढची पिढी रोडावत जाते.

३. कोण कुणात मिसळतं

टोमॅटो, वाटाणा, घेवडा, वाल, चवळी, मेथी ही मंडळी बहुतेक स्वतःच्या स्वतः फळतात, शेजारी दुसरं वाण असलं तरी फारसं बिघडत नाही. वांगं, भेंडी, मिरची यांच्यात मधमाश्या बऱ्यापैकी मिसळामिसळ करतात. सिमला मिरची आणि लवंगी शेजारी शेजारी लावलीत तर यंदाची फळं जशीच्या तशी येतील पण त्यांच्या बियांतून पुढच्या वर्षी तिखट सिमला मिरची येऊ शकते. उपाय सोपा, एका फांदीवरच्या कळ्या उमलायच्या आधीच त्यावर ऑर्गन्झाची पिशवी चढवायची, अधूनमधून फांदी हलवायची, आत फळ धरलं की पिशवी काढून तिथे लाल दोरा.

वेलांचा सगळा खेळ नर आणि मादी फुलांचा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. तुमच्याकडे दुधीचं एकच वाण आहे आणि आसपास कुणाचाच दुधी नाही तर काही करू नका, मधमाशी-पतंग बघून घेतील. दोन वाणं असतील तर हाताने परागीभवन करावं लागतं, आणि इथे वेळ महत्त्वाची. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात. भोपळा, काकडी, कारलं आणि घोसाळं पहाटे-सकाळी. म्हणजे दुधीसाठी दुपारीच, उद्या-परवाची नाही तर आज संध्याकाळी फुलणार अशी फुगलेली पांढरट कळी शोधायची, एक मादी आणि दोन नर, तिन्हींची तोंडं दोऱ्याने हलकी बांधायची, संध्याकाळी सोडायची, नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या, त्याचा पराग मादीच्या मधल्या भागावर टेकवून फिरवायचा आणि मादी फूल परत बांधून टाकायचं. सकाळच्या फुलांचं हेच काम आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायचं.

लोकांची एक उगाचची भीती म्हणजे काकडीच्या शेजारी दुधी लावला की दोन्ही बिघडतात. त्यांच्या जातीच वेगळ्या आहेत, मिसळत नाहीत. चिबूड आणि खरबूज मात्र एकाच जातीतले, ते नक्की मिसळतात.

आणि हे नीट वाचा. दुधी, काकडी, दोडका कापल्यावर टोकाचा तुकडा चाखायची आपली पद्धत आहे ती सोडू नका. चव कडूजहर लागली तर ते फळ खायचं नाही, दुधीचा रस तर मुळीच प्यायचा नाही, त्यातल्या कडू द्रव्याने गंभीर विषबाधा होते. त्या वेलाचं बीसुद्धा धरायचं नाही, वेलच उपटा.

४. शेवटचा तोडा

आता खाण्याचं. बियाला ठेवलेली झाडं सोडून बाकीच्यांचा निकाल लावायचा.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, फळ झाडावर पिकू दिलं की झाड नवीन फळं धरायचं कमी करतं. भेंडीवर चार निबर भेंड्या लटकल्या की ते झाड थंडावतं. म्हणून प्रत्येक झाडावर एकेक फळ बियाला ठेवण्यापेक्षा दोन झाडं पूर्ण बियाला सोडा आणि बाकीची शेवटपर्यंत खुडत रहा, दोन्ही कामं नीट होतात.

टोमॅटो: दुपारचं तापमान ३५ अंशांच्या पुढे जायला लागलं की फुलं गळतात, नवीन फळ धरत नाही. टोकाला जरा पांढुरकी-गुलाबी झाक आलेली फळं तोडून घरात टोपलीत ठेवा, आपोआप पिकतात, झाडावर राहिली तर उन्हाने भाजून पांढरे चट्टे पडतात. एकदम हिरव्या कच्च्यांची चटणी करा, तीळ, शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची घालून तव्यावर परतून, भाकरीबरोबर या चटणीपुढे पिकलेला टोमॅटो फिका आहे.

मुळा: आतून भेंड झालेला मुळा फेकू नका, जमिनीतच राहू द्या. त्याला जांभळट-पांढरी फुलं आणि मग डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी हा या दिवसातला खरा बोनस. खालच्या डिंगऱ्या खुडून खा, वरच्या काही बियाला सोडा.

वाल, पावटा: रायगडात पोपटीचा सीझन असतो तेव्हा सगळ्यात भरलेल्या शेंगा मडक्यात जातात. त्याच्या आधी दोन वेलांना दोरा बांधा, नंतर उरतात त्या शेंगा बियाच्या लायकीच्या नसतात.

लसूण: पात पिवळी पडून मान टाकायला लागली की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी उपटा. पातीसकट जुड्या बांधून सावलीत टांगा. याचं बी म्हणजे कुड्याच, त्यामुळे सगळ्यात मोठ्या कुड्यांचे गड्डे ऑक्टोबरच्या लागणीला वेगळे काढा, स्वयंपाकघरातल्या टोपलीत मिसळले की गेले.

हळद: पाला वाळून आडवा झाला की खणायची. मधले जेठे गड्डे बेण्याला ठेवायचे, सावलीत पसरून वर हळदीचाच वाळका पाला झाकायचा, हळकुंडं खायला.

५. ओलं बी: टोमॅटो, काकडी, वांगं

टोमॅटोच्या बियाभोवती जो बुळबुळीत पडदा असतो तो उगवण रोखतो, फळात असताना बी रुजू नये म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे. तो काढायला बी आंबवावं लागतं. पूर्ण पिकून मऊ झालेला टोमॅटो आडवा कापा, बिया-रस ग्लासात पिळा, फार घट्ट असेल तर थोडं पाणी, वर फडकं बांधा आणि सावलीत ठेवा, शक्यतो स्वयंपाकघराच्या बाहेर कारण वास येतो. दिवसातून दोनदा काडीने ढवळा. मार्चच्या उष्णतेत दोन दिवसात वर पांढरट साय धरते, बुडबुडे येतात. बोटात बी घेऊन चोळून बघा, निसटत असेल तर पडदा अजून आहे, जरा खरखरीत लागलं की झालं. मग भरपूर पाणी ओता, पोचट बी आणि गर वर तरंगतो तो ओतून द्या, चांगलं बी तळाशी बसतं. असं तीन-चार वेळा, शेवटी गाळणीत धरून नळाखाली. चार-पाच दिवस विसरून राहू नका, बी ग्लासातच मोडावतं.

धुतलेलं बी स्टीलच्या ताटात पातळ पसरा. पेपर किंवा टिश्यूवर टाकलं की असं चिकटतं की सोडवता येत नाही. ताटातही दर काही तासांनी बोटाने मोकळं करत रहा नाहीतर गठ्ठा होतो.

काकडी: खायची काकडी बियाला उपयोगाची नाही, तिच्यातलं बी कोवळं. वेलावर पिवळी-तपकिरी, फुगून जाडजूड होऊ द्या, तोडल्यावरही आठ-दहा दिवस घरात ठेवा, मग कापा. दीड-दोन दिवस आंबवून धुवा, टोमॅटोसारखंच.

वांगं: हे पण तसंच, जांभळं चकचकीत वांगं कापून बी काढलं तर काही उगवत नाही. झाडावरच पिवळं-तांबूस आणि टणक होऊ द्या. आंबवायची गरज नाही, बुडाकडचा अर्धा भाग घ्या (बी तिथे जास्त असतं), फोडी करून बादलीभर पाण्यात हाताने कुस्करा, बी खाली बसतं.

लाल भोपळा: तोडल्यावर लगेच कापू नका, महिनाभर ठेवा, तेवढ्यात आतलं बी भरत राहतं. पूर्वी भोपळ्या-काकडीच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापून ठेवायचे, पेरणीच्या वेळी तो तुकडा फोडून लावायचे. काही घरांत अजून चालतं.

६. वाळकं बी: शेंगा, भेंडी, दोडका, धने

नियम एकच, झाडावर जेवढं वाळू देता येईल तेवढं वाळू द्यायचं, पण सांडायच्या आत तोडायचं. दोडक्याचं उदाहरण घ्या. वाळलेला दोडका हलका, तपकिरी, हलवला की खुळखुळतो. त्याच्या टोकाला एक छोटी टोपी असते, पूर्ण वाळला की ती टोपी आपोआप गळते आणि वारा आला की काळं बी एकेक करून खाली पडत राहतं. म्हणून टोकाला पिशवी बांधा किंवा टोपी सुटायच्या आधी तोडून घरात टांगा. टांगलेल्या दोडक्यातलं बी काढून झालं की आतली जाळी अंग घासायला होते, फुकटात.

भेंडी तपकिरी होऊन तिच्या धारा उकलायला लागल्या की तोडा. तोपर्यंत दोऱ्याने हलकी गुंडाळून ठेवा. हातमोजे घाला, वाळक्या भेंडीची लव फार खाजते.

मेथीच्या आणि मोहरीच्या शेंगा दुपारी उन्हात हात लावला की फुटतात, त्यामुळे सकाळी दव असताना कापा, झाडासकट, आणि चादरीवर उलटं टांगा. मुळ्याचं उलट, डिंगरी वाळली तरी फुटत नाही, पोत्यात घालून काठीने कुटावी लागते.

पालक: आपल्याकडे सगळीकडे लावतात तो देशी पालक बीटाच्या कुळातला आहे. त्याचं बी म्हणजे खडबडीत गाठ असते आणि एका गाठीतून दोन-तीन रोपं निघू शकतात, घाबरू नका. पराग वाऱ्याने उडतो, शेजारी बीट फुलावर आलं असेल तर मिसळतो.

धने करडे-तपकिरी झाले की छत्र्या कापा. साठवताना अख्खे ठेवा, पेरताना चोळून दोन फाका करायच्या.

मिरची पूर्ण लाल, जरा सुरकुतलेली घ्या, दोन दिवस सावलीत ठेवून चिरा. हातमोजे, खिडकी उघडी, आणि नंतर डोळ्याला हात नाही.

दुधी वेलावरच वाळू द्या, साल लाकडासारखी होते, करवतीने कापावा लागतो.

मग झोडपा, चोळा, सुपात पाखडा. पाखडताना फोलपटाबरोबर हलकं बी उडतं ते उडू द्या, ते गोळा करत बसू नका.

७. वाळवणं

इथे घाई आणि कौतुक दोन्ही नडतं. गच्चीवरच्या तापलेल्या स्लॅबवर, पत्र्यावर, गाडीच्या बॉनेटवर बी वाळवू नका, दुपारी ते सहज भाजतं, ४० अंशांच्या वर बियाची उगवण मार खाते. ओलं बी पहिले दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्याला, मग सकाळचं कोवळं ऊन दोन तास, असं आठवडाभर. ओव्हन, मायक्रोवेव्ह, मिक्सरच्या गरम डोक्यावर ठेवणं वगैरे युक्त्या सांगणारे भेटतील, ऐकू नका.

वाळलं की नाही ते असं बघा. काकडी-दुधीचं बी दोन बोटात वाकवा, वाकलं तर ओलं, कट्‌कन मोडलं तर तयार. वाल-घेवडा दाताखाली धरा, खूण उमटली तर अजून वाळवा. टोमॅटो-वांग्याचं बी बारीक, ते मूठभर घेऊन ताटात सोडा, सुटं सुटं खडखडलं पाहिजे.

८. साठवण आणि भुंगे

बियाला दोन गोष्टी मारतात, ओल आणि उष्णता. ढोबळ हिशोब असा की बियातली ओल एका टक्क्याने कमी झाली किंवा तापमान ५ अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या गॅसवरच्या फडताळात बी ठेवणं सगळ्यात वाईट, तिथे वाफही आणि आचही.

बरणीच्या तळाला दोन बोटं कोरडी चाळलेली राख, वर कागदी पाकिटं, घट्ट झाकण, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. राख नसेल तर सिलिका जेल. फ्रिजमध्ये जागेवरून घरात भांडणं होत असतील तर उतरंडीसारखी अंधारी थंड जागा चालेल. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट वाळलेलं बी भरलं की महिनाभरात बुरशी, हे ठरलेलं.

कडधान्याच्या बियांना (वाल, चवळी, वाटाणा) भुंगे लागतात, आणि ते बरणीत बाहेरून येत नाहीत, शेंग शेतात असतानाच अंडी घातलेली असतात. त्यामुळे घट्ट झाकणाने काम भागत नाही. खणखणीत वाळलेलं बी हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, एक दिवस तसाच ठेवा, नाहीतर बियांवर दव सुटतं. ओलसर बी फ्रीझरमध्ये टाकलं तर मात्र मरतंच. फ्रीझर नको असेल तर बियात राख चांगली मिसळा किंवा एरंडेलाचा हात फिरवा. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर पूर्ण वाळलेला, ओला पाला घालून लोक बी कुजवतात आणि कडुनिंबाला बोल लावतात.

लेबलवर वाण, कुठून मिळालं, कधी काढलं एवढं लिहाच. मे महिन्यात वांगं, मिरची आणि टोमॅटोची पाकिटं समोर ठेवली की भले भले चुकतात.

किती टिकतं: कांद्याचं बी जेमतेम वर्षभर. भेंडी दोन वर्षं, मिरची दोन-तीन, वाटाणा-घेवडा तीन, टोमॅटो, वांगं, मुळा, भोपळा साधारण चार, काकडी पाचपर्यंत. हे नीट वाळवून थंड ठेवलं तर.

९. उगवण तपासा

पेरायच्या तीन आठवडे आधी प्रत्येक पाकिटातल्या २० बिया ओल्या सुती फडक्यात ओळीने मांडा, गुंडाळी करा, डब्यात घालून उबेला ठेवा, फडकं ओलसर हवं, पाणी निथळणारं नको. मेथी-मुळा दोन-तीन दिवसात दिसतात, काकडी चार-पाच, वांगं-मिरची मात्र दहा-बारा दिवसही घेतात, घाईने फेकू नका. कारल्या-दोडक्याची साल जाड, त्यांना आधी रात्रभर भिजवा आणि कारल्याची कड नेलकटरने जराशी उडवा. २० पैकी १६-१८ उगवल्या तर नेहमीसारखं लावा, १०-१२ आल्या तर दाट पेरा, त्याहून कमी तर त्या पाकिटावर विसंबू नका, शेजारी-पाजारी कुणाकडे तेच वाण असेल तर मागून घ्या.

आणि सगळं बी एकदम पेरायचं नाही. निम्मं बरणीत राहू द्या, त्यातलंही थोडं दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मैत्रिणीकडे. जूनमध्ये पहिल्या पावसाला भुलून वेल लावले आणि पुढे वीस दिवस थेंब नाही असं किती वर्षी होतं. तेव्हा दुबार लावायला बी लागतं.